अमेरिकेत तेव्हा बुधवार होता

आमच्या कंपनीच्या रिसेप्शनमध्ये भिंतीवर दोन घड्याळं होती. एकाखाली 'इंडिया' लिहिलेलं, दुसऱ्याखाली 'यू.एस.ए.'. दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली. इंडियाचं घड्याळ बंद पडलं तर दोन-दोन दिवस कुणाला पत्ता नसायचा. तिथं बसलेली माणसं आपापल्या मनगटाकडे बघून उठायची. अमेरिकेचं मात्र पाच मिनिटं जरी मागे पडलं, तरी आमचे पर्सोनेल मॅनेजर साहेब स्वतः स्टुलावर चढून काटे फिरवायचे. स्टूल मी धरायचे. त्यांच्या बुटांचे तळवे मी जितक्या जवळून पाहिलेत, तितके त्यांच्या बायकोनंही पाहिले नसतील.

साहेब तीन महिने अमेरिकेत राहून आले होते आणि ते तीन महिने पुढची सात-आठ वर्षं पुरवून पुरवून वापरत होते. तिकडे लोक कॉफीत साखर घालत नाहीत, म्हणून हेही घालेनात. पहिला घोट घेताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं, पण साखर नाही म्हणजे नाही. कुणी दहा मिनिटं उशिरा आलं की म्हणायचे, "तिकडे टाइम म्हणजे टाइम." इकडे टाइम म्हणजे काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते आम्हाला पुढे कळलं.

कंपनी भोसरीला होती, गिअरबॉक्सचे सुटे भाग करणारी, अमेरिकेतल्या एका कंपनीशी करार केलेली. मी तिथं टायपिस्ट होते आणि टेलेक्सचं मशीनही मीच बघायचे. ही ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. आम्ही काळेवाडीत राहायचो. वडील बासष्ट साली परभणीकडून पिंपरीला आले, ते एका फाउंड्रीत चिकटले आणि वीस वर्षं त्याच भट्टीसमोर उभे राहिले. दर पौर्णिमेला विहारात जायचं आणि कामावर खाडा करायचा नाही, या दोन गोष्टींपलीकडे त्यांचा कशावर फारसा विश्वास नव्हता. 'कायम' हा शब्द ते असा उच्चारायचे, जसा काही तो घरातला थोरला माणूस आहे आणि अजून यायचा आहे.

कारण आमचा दादा कायम नव्हता. तो माझ्याच कंपनीत प्रेस शॉपला होता आणि टेंपरवारी होता. टेंपरवारी म्हणजे काय, हे त्या पट्ट्यात राहिलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. सलग दोनशे चाळीस दिवस काम भरलं की माणसाला कायम करावं लागायचं. म्हणून कंपन्या दोनशे चाळीस भरूच द्यायच्या नाहीत. दोनशे अडतीस झाले, दोनशे एकोणचाळीस झाले, की हातात चिठ्ठी: ब्रेक. पंधरा-वीस दिवस घरी बसा, मग परत या, पुन्हा एकपासून मोजा. माणूस तोच, मशीन तेच, साहेब तेच, फक्त आकडा पुसलेला. दादाला असे तीन ब्रेक झाले होते. दोन ठिकाणी मुली बघून झाल्या होत्या आणि दोन्हीकडून एकच प्रश्न आला होता: कायम आहे का? चौथा ब्रेक डिसेंबरच्या अखेरीस येणार होता. मला ते पक्कं ठाऊक होतं, कारण ब्रेकच्या याद्या मीच टाइप करायचे. स्वतःच्या भावाचं नाव स्वतःच्या बोटांनी तीनदा त्या यादीत घातलेली बाई मी.

आता चंद्राकडे येते.

डिसेंबरच्या एक तारखेला, बुधवारी सकाळी मी ऑफिसात आले तर टेलेक्सच्या मशीनवर अमेरिकेचा निरोप येऊन पडला होता. तिकडच्या बड्या साहेबांच्या ऑफिसातून. कामाचं काहीच नव्हतं. लिहिलं होतं की आज, म्हणजे तीस नोव्हेंबरला, संध्याकाळी आमच्याकडे ब्लू मून आहे. एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला असं म्हणतात. एक तारखेला झाली होती, आज पुन्हा झाली. आमचे लोक पार्किंगमध्ये उभे राहून बघताहेत. तुमचा कसा दिसला?

मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "काल चंद्र कसा होता?"

"नेहमीसारखा होता, साहेब."

"निळा वगैरे?"

"नाही, साहेब. पांढराच."

साहेब घाम पुसायला लागले, डिसेंबरच्या थंडीत. बड्या साहेबांनी एक गोष्ट विचारली आणि भोसरीत ती बघितलीच गेली नाही, हे कळवायचं कसं? माणसाला कशाकशाची लाज वाटू शकते याला काही धरबंध नसतो. बाराजणांना वर्षाच्या शेवटी घरी बसवायचं ठरवताना ज्या माणसाच्या कपाळावर आठी पडली नव्हती, तो चंद्र चुकला म्हणून कासावीस झाला होता.

मला त्यांची दया आली असं म्हणणं खोटं ठरेल. मला ते काम एकदाचं हातावेगळं करायचं होतं. मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून आणलं. पौर्णिमेचा गोल मंगळवारी, तीस तारखेलाच छापलेला होता. पण खाली बारीक अक्षरांत पौर्णिमा संपण्याची वेळ दिलेली असते, ती बुधवारी पहाटेची होती, सहा वाजायच्या आतली. आमच्या आईला हे कळत होतं. विहारात येणाऱ्या निरक्षर म्हाताऱ्यांनाही कळत होतं की पौर्णिमेला एक सुरुवात असते आणि एक शेवट असतो. साहेबांना पौर्णिमा म्हणजे कॅलेंडरवरचा एक चौकोन, एवढंच ठाऊक.

मी सांगितलं, "साहेब, चंद्र पूर्ण होतो तो क्षण सगळ्या जगाला एकच. ती वेळ आपल्याकडे आज पहाटेची, पण त्यांच्याकडे तेव्हा कालची संध्याकाळ होती. आपलं घड्याळ साडेदहा तास पुढे आहे ना. म्हणून त्यांची पौर्णिमा नोव्हेंबरात पडली आणि आपली डिसेंबरात. त्यांना नोव्हेंबरात दोन मिळाल्या, एक तारखेची आणि तीस तारखेची. आपल्याला नोव्हेंबरात एकच. पण आपल्याला डिसेंबरात दोन आहेत. आज पहाटेची एक आणि तीस डिसेंबरला संध्याकाळी दुसरी. तुमचा तो ब्लू मून आपल्याकडे अजून यायचाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिसेप्शनमध्ये जाऊन दोन्ही घड्याळांखाली उभे राहिले आणि बोटांवर मोजत बसले. परत आले ते वेगळेच होऊन. पाठ ताठ, आवाज भारदस्त. "लेटर घ्या," म्हणाले.

ते पत्र मी विसरणं शक्य नाही. इंग्रजीत दीड पान. तुमचा ब्लू मून तुम्हाला लखलाभ, पण आमच्याकडे हिशेब वेगळा आहे, आमचा येत्या तीस डिसेंबरला आहे, हे साहेबांनी इतक्या वळणांनी सांगितलं की मध्ये दोनदा त्यांनाच वाट सापडेना. आणि शेवटी एक वाक्य घातलं. मराठीत सांगायचं तर असं: 'चंद्राची बाब असो वा अन्य कोणतीही, या कारखान्यात भारतीय प्रमाणवेळ हीच ग्राह्य धरली जाते.' हे वाक्य सुचल्यावर ते खुर्चीतून उठले. माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. 'अन्य कोणतीही' हे शब्द त्यांना विशेष आवडले. मी टाइप केलं, त्यांनी झोकदार सही ठोकली, कार्बनखालची प्रत मी फाइलला लावली. दुपारी कँटीनमध्ये साहेब अकाउंट्सवाल्यांना सांगत होते की त्यांनी सकाळीच खगोलशास्त्राचं गणित मांडून हा शोध लावला. मी शेजारच्या टेबलावर उसळ खात होते. त्यांना मी दिसत होते, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

पंधरवड्यानं उत्तर आलं. बडे साहेब भलतेच खूश झाले होते. पृथ्वी गोल असल्याचा आनंद अमेरिकनांना फार चटकन होतो. त्यांचा आशियाचा दौरा ठरलेला होता, त्यातून वाट वाकडी करून ते तीस तारखेला भोसरीला येणार होते. इंडियाच्या ब्लू मूनसाठी. तिकडे त्यांची एक रीत होती म्हणे: अशा खास दिवशी सगळे कामगार आपापलं हजेरीचं कार्ड पंच करतात आणि मग बडे साहेब प्रत्येकाच्या कार्डावर आठवण म्हणून सही करतात. इथंही तसंच करावं. नंतर सगळ्यांचा एकत्र फोटो, कंपनीच्या मासिकासाठी.

तीस तारीख गुरुवार होती. भोसरीत गुरुवार म्हणजे आठवड्याची सुट्टी. विजेच्या वाटपासाठी तशी ठरलेली. बायकांनी गोधड्या धुवायच्या, पुरुषांनी दाढ्या करायच्या, मटण आणायचं. युनियनच्या सेक्रेटरीनं कायम कामगारांच्या वतीनं निरोप दिला, "साहेब, चंद्र तुमचा, सुट्टी आमची." आणि गेला निघून. टेंपरवारींच्या वतीनं तो कधीच काही बोलायचा नाही. त्याच्या लेखी ते माणसांत जमाच नव्हते.

मग साहेबांनी तोडगा काढला. टेंपरवारींना बोलवा. ते नाही म्हणू शकत नाहीत.

त्या क्षणी माझ्या टाइपरायटरवर कुठला कागद चढवलेला होता, ते सांगते. महिनाअखेरच्या ब्रेकची यादी. बारा नावं. दादाचं तिसरं. प्रत्येकापुढे कामाचे दिवस: बुधवारपर्यंत दोनशे एकोणचाळीस. साहेबांचं गणित किती चोख असायचं बघा, बुधवारी दोनशे एकोणचाळीस भरायचे, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारपासून ब्रेक. एका दिवसानं माणूस वाचतो किंवा जातो, आणि तो एक दिवस त्यांनी सुट्टीच्या चौकोनात पुरून ठेवला होता.

"या बाराजणांनाही बोलवायचं, साहेब?" मी विचारलं.

"सगळ्यांना. डोकी दिसली पाहिजेत फोटोत."

"कार्ड पंच करायचं?"

"म्हणजे काय! पंच न करता बडे साहेब सही कशावर करणार, तुमच्या कॅलेंडरवर?"

मी मान खाली घातली आणि नोटीस टाइप केली. तीस तारखेला सर्व तात्पुरत्या कामगारांनी सकाळी साडेआठला कामावर हजर राहून कार्ड पंच करावे. 'कामावर' हा शब्द माझा. साहेबांनी न वाचता सही केली. दोनशे चाळीस. अवघा एक दिवस, आणि तो साहेब स्वतःच्या हातानं देत होते, एका गोऱ्या माणसाला खूश करण्याच्या नादात.

घरी गेल्यावर दादाला एका बाजूला घेतलं. सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून जांभई देत म्हणाला, "गुरुवारी? गुरुवारी आमचं पिक्चरला जायचं ठरलंय."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वडील घरात होते म्हणून आवाज खाली ठेवला, एवढंच. शेवटी मी म्हणाले, "तू गेला नाहीस तर मी परत त्या यादीत तुझं नाव टाइप करणार नाही. दुसरी कुणीतरी करेल, आणि मला तोंड दाखवू नकोस. कार्ड पंच कर आणि सही झाल्यावर ते परत देऊ नकोस. आठवण म्हणून ठेवतो म्हण. बाकीच्या अकराजणांनाही हेच सांग."

"बरं बरं, जातो की. एवढं काय वरडायचं," दादा म्हणाला.

तीस तारखेचा तो सोहळा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी काही गमावलं नाही. बड्या साहेबांचं मुंबईहून दुपारचं विमान होतं, म्हणून ब्लू मूनचा कार्यक्रम सकाळी नऊला ठेवला होता. सकाळी नऊला! चंद्र उगवायचा होता संध्याकाळी सहानंतर, आणि तोही ग्रहण लागलेला. साहेबांनी त्यावरही उपाय केला होता. मेंटेनन्सवाल्यांकडून पत्र्याची चार फुटांची गोल चकती कापून घेतली, पेंट शॉपमधून तिला मशीनला मारतात तो निळा रंग मारला आणि ती शेडमधल्या क्रेनच्या आकड्याला टांगली. रंग पुरता वाळला नव्हता. फोटोग्राफर म्हणाला, थोडी खाली घ्या, फ्रेममध्ये येत नाही. खाली घेतली तर ती वाऱ्यानं फिरली आणि मागची गंजकी बाजू पुढे आली. शेवटी एकजण मागे बाकावर उभा राहून तिची कड धरून राहिला. फोटोत त्याची चार बोटं दिसतात.

बडे साहेब मात्र साधा माणूस होता. लांबलचक, लाल चेहऱ्याचा, सगळ्यांशी हात मिळवणारा. टेबल मांडून बसला, एकेकजण पंच केलेलं कार्ड पुढे करायचा, हा हसून सही करायचा आणि खाली तारीख घालायचा. तारीख बघायला मनगटावरचं घड्याळ वळवायचा. मी शेजारी शाईचं पॅड आणि टाचण्या घेऊन उभी होते. तिसऱ्या-चौथ्या कार्डाला माझ्या लक्षात आलं की हा एकोणतीस लिहितोय. घड्याळ त्यानं अमेरिकेचंच ठेवलं होतं. तिकडे अजून बुधवारची रात्र संपली नव्हती. वर मशीनचा ठसा तीस, खाली हातानं लिहिलेली एकोणतीस. मी काही बोलले नाही. कोण बोलणार? मला वाटलं, ठसा आहे ना, पुरे झालं.

संध्याकाळी वडील विहारात निघाले तेव्हा मोशीच्या बाजूला चंद्र वर येत होता, एका बाजूनं खाल्लेला. शेजारच्या बायका दारं लावून बसल्या होत्या. वडील नेहमीसारखे धुतलेले कपडे घालून, टोपी नीट करून गेले. निळं-बिळं काही नव्हतं. दादा पिक्चरच्या तिसऱ्या खेळाला गेला होता.

शुक्रवारी बाराही जणांच्या हातात ब्रेकची चिठ्ठी पडली. यावेळी मात्र ते कार्डं घेऊन एकत्र साहेबांपुढे उभे राहिले, दोनशे चाळीस भरले म्हणाले. दादा मागच्या रांगेत होता. पुढे बोलत होता भोसरीचाच एक वेल्डर, वयानं मोठा, सहा ब्रेक झालेला. साहेब आधी हसले, मग त्यांनी कार्डं पाहिली आणि हसायचे थांबले. मग म्हणाले, "ते काम नव्हतं. ते सेलिब्रेशन होतं." वेल्डर म्हणाला, "नोटिशीत 'कामावर' लिहिलंय, साहेब." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टाइपरायटरची रिबन बदलायला घेतली.

बाराजणांनी पुण्यात कामगार कार्यालयात तक्रार लावली. जानेवारीच्या अखेरीस सुनावणी लागली. साहेबांनी फाइली उचलायला आणि टिपणं घ्यायला मला बरोबर नेलं. मी नुसती नोकर म्हणून गेले होते असं समजू नका. तिथं दादाच्या बाजूनं तोंड उघडायचं की नाही, हे रात्रभर ठरवत होते आणि सकाळीही काही ठरलेलं नव्हतं. माझी नोकरी गेली तर घरात एक पगार कमी, आणि दादाची लागली तर एक जास्त, पण पुन्हा तशी जागा मला मिळणार नाही, हेही ठाऊक होतं. काळेवाडीतून टायपिंग शिकून ऑफिसात बसलेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मांडीवर चार फाइली, त्यातली एक पत्रव्यवहाराची.

कामगार अधिकारी शांत गृहस्थ होते, समोरच्याला बोलू देणारे. साहेबांनी आधी सुट्टीचा मुद्दा मांडला. अधिकारी म्हणाले, नोटीस देऊन बोलावलं, कार्ड पंच करून घेतलं, मग सुट्टी कुठं राहिली? साहेबांनी सेलिब्रेशनचा मुद्दा मांडला. अधिकाऱ्यांनी नोटिशीवर बोट ठेवलं. तेव्हा साहेबांनी घसा खाकरला, वेल्डरचं कार्ड उचललं आणि त्यावरची सही दाखवली.

"हा कार्यक्रम आमच्या हेड ऑफिसचा होता," साहेब म्हणाले. "सही हेड ऑफिसच्या बड्या साहेबांची. त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात तारीख घातली आहे, एकोणतीस. कारण कार्यक्रम सकाळी नऊला झाला आणि अमेरिकेत तेव्हा बुधवार होता. बुधवारची हजेरी या लोकांची आधीच लागलेली आहे. एकच दिवस दोनदा मोजता येत नाही. म्हणजे दोनशे एकोणचाळीसच."

बाराजण एकमेकांकडे बघत होते. वेल्डरच्या तोंडाचा आ तसाच राहिला. एवढी वर्षं भोसरीच्या शेडमध्ये घाम गाळला आणि तो अमेरिकेतल्या बुधवारी गाळला, हे त्याला नव्यानंच कळत होतं. मला हसू आलं. मी अनेक निर्लज्ज माणसं पाहिली आहेत, पण पृथ्वी स्वतःच्या सोयीनं फिरवणारा हा एकच.

अधिकारी सावकाश म्हणाले, "तुमच्या कारखान्यात वेळ कुठली धरतात?"

"दॅट डिपेंड्स," साहेब म्हणाले. "प्रसंगानुसार."

मी फाइल उघडली. कार्बनची प्रत काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवली. "शेवटचं वाक्य बघा, सर," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं. मग कागद साहेबांकडे सरकवून म्हणाले, "सही तुमचीच ना? जरा मोठ्यानं वाचा." आणि साहेबांना ते वाचावं लागलं. चंद्राची बाब असो वा अन्य कोणतीही. तीनदा माझ्याकडून वाचून घेतलेलं वाक्य, 'अन्य कोणतीही' या शब्दांशी आल्यावर त्यांच्या घशात अडकलं. अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

महिन्याभरात बाराहीजण कायम झाले. मला मात्र सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी बोलावून सांगण्यात आलं की कंपनीचे कागद बाहेर दाखवणाऱ्या व्यक्तीवर विश्वास टाकता येत नाही, राजीनामा दिलात तर दाखला चांगला देऊ. तो राजीनामा मीच टाइप केला. साहेब समोर बसून कॉफी पीत होते, बिनसाखरेची. तारीख घालताना मी विचारलं, "इथली घालू की तिथली?" त्यांनी कॉफीचा आणखी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

वडिलांनी दादाच्या कायमपणाचे पेढे स्वतः हातानं गल्लीत वाटले. मला तेव्हा खरोखर आनंद झाला होता, हे सांगितलंच पाहिजे. मी स्वतःला सांगितलं, एक गेली, एक आली, फिटंफाट. त्यानंतरच्या गुरुवारी तो वेल्डर आमच्याकडे आला. बायकोनं केलेल्या शेवया घेऊन आला होता. बाहेरच्या खोलीत दादाजवळ बसला. मी आत चहा टाकत होते.

"ताईंचं उपकार हायत, भाऊ," वेल्डर म्हणाला. "त्यांनी ते पत्र काढलं नसतं तर आपण अजून घरीच असतो. स्वतःची नोकरी गेली त्यांची. त्यांना भेटाय आलोय मी."

दादानं पाय पसरले असावेत, बाज वाजली. त्यानं बड्या साहेबाच्या सहीचं ते कार्ड काचेत घालून भिंतीवर लावलं होतं.

"कशाचं उपकार, राव?" दादा म्हणाला. "तिला कुणी सांगितलं व्हतं मधी पडायला? ही सही बघितली का? अमेरिकनानं सही दिल्यावर कोण काढतंय आपल्याला? मॅनेजर साहेब परवा मला सोता बोलले, तुम्हाला मी तसंही घेणारच व्हतो. हिनं उगाच घाई केली आन् चांगली नोकरी घालवली. आता लग्नाला अडचण, कामावरून काढलेली म्हणून."

मी चहा नेऊन दिला. दोन्ही कप ठेवले, बशा ठेवल्या, वेल्डरच्या बायकोची चौकशी केली. दादानं फुंकर मारून चहा प्याला आणि साखर कमी आहे म्हणाला. मी आत जाऊन डबा आणला आणि त्याच्या कपात चमचाभर घातली.

साहेबांचा राग माझ्या मनातून केव्हाच गेला. त्यांच्याकडून कधी काही अपेक्षाच नव्हती. दादाचा राग अजून आहे.